तू बुडाला नाहीस, मन्मथ

दीड महिना झाला, मन्मथ, आणि मी अजून लोकांशी भांडतेच आहे.

मुरुडच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस ओसरीवर टेकतो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो आणि म्हणतो, "लई वाईट झालं बाई. एवढं पट्टीचं पोहणारं लेकरू, अन् पाण्यातच बुडालं." मी म्हणते, काका, तो बुडाला नाही. तो वर आला. स्वतःच्या पायांनी शिडी चढून बोटीवर आला, हेल्मेट काढलं, चहा प्याला. दुसऱ्या दिवशी गेला, कोरड्या जागी. काका सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि उठताना म्हणतात, "समुद्रापुढं कुणाचं चालतंय? बुडणाऱ्याला कोण धरावं?" मग दारात थांबून आणखी एक, "तिकडं एवढं पाणी, अन् इथं आम्ही तीन दिवसांपासून टँकरची वाट बघायलोत." म्हणजे तुझ्या मरणातही ह्यांना पाणीच दिसतं. त्यांना तरी काय म्हणू? गावात दुसऱ्या कशाचा विषयच नाही.

वारसाच्या अर्जात मरणाचं कारण असा एक रकाना आहे. लातूरच्या कचेरीतल्या कारकुनाने मला न विचारताच 'पाण्यात बुडून' असं लिहून टाकलं. मी म्हटलं, खोडा. "मग काय लिहू?" म्हणाला. मी म्हटलं, "पाण्यातून लवकर वर काढल्यामुळे." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, वर काढल्यावर माणूस वाचतोय. असलं काही नसतंय."

असतं. मला ते तूच शिकवलंस, कंधारच्या बसस्टँडवर. रजेवर आलास की चार दिवस माझ्या क्वार्टरवर यायचास, त्यातलीच एक खेप. दवाखान्यातली माझी ड्यूटी संपली आणि तू मला स्टँडवरच्या दुकानात नेऊन दोन गोटी सोडे मागवलेस. एका बाटलीची गोटी अंगठ्याने धाडकन आत दाबलीस. सगळा फेस माझ्या साडीवर. दुसरीची गोटी दाबताना मात्र अंगठा जरा जरा उचलत राहिलास, हवा सूं सूं करत निघून गेली आणि थेंबभरही सोडा उतू गेला नाही.

"बघ आक्का. खाली पाण्याचा दाब लई असतोय. तिथं आपण जी हवा घेतो ती त्या दाबानं रक्तात मुरतीय. वर येताना थांबत थांबत यायचं, म्हंजे ती गपचूप निघून जातीय. भसकन वर आलं की रक्ताचं असं होतंय."

मी साडी झटकत म्हटलं, "मग थांबत थांबत येत जा की."

"येतोच की. घाई करायला मी काय येडा हाय का?"

येडा तू नव्हतास. तू हट्टी होतास. मोठ्या दुष्काळात आप्पांनी आपली विहीर आणखी खोल खणून घेतली आणि पुढच्या वर्षी ती काठोकाठ भरली, तेव्हापासून सगळ्या गल्लीच्या पडलेल्या बादल्या काढायचा मक्ता तुझ्याकडे. आप्पा काठावर उभे राहून हाका मारायचे आणि तू मुद्दाम तळाशी बसून राहायचास. आप्पांना वाटायचं पोरगा आडतीच्या गादीवर बसेल, गिऱ्हाइकाशी दोन गोड शब्द बोलेल. तू नौदलात गेलास, तिथून सुटून मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर. आप्पा तुझं काम कुणाला सांगायचेच नाहीत. "मुंबईला कंपनीत हाय," एवढंच. कसली कंपनी विचारलं की म्हणायचे, "नळाची." एका अर्थी खरंच होतं ते. समुद्राच्या तळाशी जाऊन तुम्ही नळाचेच नटबोल्ट आवळत होतात.

तुझ्या हट्टाची आणखी एक गोष्ट सांगते, तुला माहीत नसलेली. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत जास्त उड्या तू मारल्यास. तू तर इथे राहतही नव्हतास! आप्पा म्हणाले, "कागदपत्रावर आपलं उस्मानाबादच राहू दे, नाहक घोटाळे होतेत." तू ऐकतोस? कंपनीच्या रजिस्टरात 'मुक्काम मुरुड, जिल्हा लातूर' असं मोठ्या अक्षरात लिहून आलास आणि आप्पांना तसं पत्रानं कळवलंसही. तू गेलास त्या दिवशी कंपनीच्या हपिसातल्या कुणा शहाण्याने ते वाचलं. लातूर नावाचा जिल्हा त्याच्या ऐकिवात नव्हता. पाणबुड्या मुरुडचा आहे म्हटल्यावर त्याने ठरवून टाकलं की हे समुद्रकाठचं, जंजिऱ्याजवळचं मुरुड असणार. तार तिकडे गेली. दोन दिवस तिकडच्या पोस्टमननी कोळीवाड्यात तुझा बाप शोधला. तिसऱ्या दिवशी ती तार इकडे आली, आणि ती घेऊन आप्पांनी लातूरहून मला ट्रंक कॉल लावला. फोनवर आधी तार वाचून दाखवली त्यांनी. मग म्हणाले, "मी म्हणलो होतो त्याला, उस्मानाबाद लिही."

एवढंच बोलले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की रडू आलंच नाही.

तुला अँब्युलन्समधून आणलं. समाधीचा खड्डा खणायला सहा माणसं लागली. पाऊस नाही, जमीन दगडासारखी, पहार मारली की ठिणगी उडायची. स्वामींनी तुला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, तळहातावर इष्टलिंग ठेवलं. तुझे पाय मीच धरून मुडपले, कारण तुझ्या बायकोला, महानंदाला ते होईना. त्या पायांचं शेवटी काय झालं होतं हे तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. परतल्यावर माणसांना अंगावर घ्यायला पाणी नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी घराघरातून एकेक तांब्या आणून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी तांब्याभर पाणी म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे.

दहाव्या दिवशी सुर्वे आला. तुझा मालवणचा जोडीदार, ज्याच्या नकला तू करून दाखवायचास. तुझ्या नकलेपेक्षा माणूस पुष्कळ गंभीर आहे. आप्पांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "ताई, जरा बाहेर बोलूया?" आपण आडतीच्या मागे बसायचो तिथे पोत्यांवर बसून त्याने मला सगळं सांगितलं.

तुम्ही दोघं तळाशी होतात. काम संपलं, वर यायला लागलात. पहिले थांबे नीट झाले. मग वारा उठला, बोट नांगराला ओढ खायला लागली. सुपरवायझरने हेल्मेटातल्या फोनवर सांगितलं, वर या, उरलेले थांबे चेंबरमध्ये पूर्ण करू. चेंबर म्हणजे बोटीवरची लोखंडी कोठडी. माणसाला आत घालून हवेचा दाब पुन्हा वाढवायचा आणि मग हळूहळू उतरवायचा. सुर्वे म्हणाला, अशी पद्धत आहे, त्यात गैर काही नाही, फक्त वर आल्यापासून पाच मिनिटांच्या आत चेंबरमध्ये शिरलं पाहिजे. तुम्ही शिरलात. दार लावलं. दाराची रबराची पट्टी झिजलेली होती. हवा भरावी तेवढी बाहेर. पंधरा दिवसांपूर्वीच ती बदलायला सांगितली होती म्हणे. तुम्हाला बाहेर काढून मिस्त्री दुरुस्तीला लागला.

"सुपरवायझरने आम्हाला विचारलं, कसं वाटतंय? शेजारी दुसरी बोट उभी होती, ताई. तिच्यावर चांगला चेंबर होता. वायरलेस केला असता तर त्यांनी घेतलं असतं. मी म्हटलं, माझं कोपर दुखतंय. मन्मथ म्हणाला, मी ठीक आहे. माझ्या कोपराचं कोण एवढं मनावर घेतो? मन्मथ सगळ्यांत जुना. तो ठीक आहे म्हटल्यावर सुपरवायझर म्हणाला, मग थांबू, होईलच एवढ्यात दुरुस्त."

चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात तू चहा प्यालास. कप खाली ठेवून उठायला गेलास आणि उठताच आलं नाही.

मग दार दुरुस्त झालं. सुर्वे तुझ्याबरोबर आत होता. त्याच्या कोपराचं दुखणं तासाभरात उतरलं, तुझं काहीच उतरेना. डॉक्टरला आणणारं हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे निघालं नव्हतं. डॉक्टर फोनवरून विचारत होता, पायाला स्पर्श कळतो का बघा. सुर्वे तुझ्या पायाशी सरकला. आणि पुढचं सांगताना तो माणूस, ताई ताई म्हणणारा तो थोराड माणूस, पोत्यावर तोंड दाबून रडला.

"मी विचारलं, मन्मथ, कळतंय का रे? तो म्हणाला, हाव, कळायलंय की. ताई, मी अजून हात लावलाच नव्हता."

काय म्हणू तुला? सांग ना, काय म्हणू? मरायला टेकलेला माणूस पास होण्यासाठी उत्तर देतो का रे? कुणाची परीक्षा होती ती?

मला ठाऊक आहे तू असं का केलंस, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. कारण शेवटच्या रजेत हे सगळं माझ्यासमोर झालं होतं. कंधारला आलास तेव्हा तुला सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नव्हता. मी विचारलं तर म्हणालास, "प्रवासात अवघडलाय." मी नर्स आहे, मन्मथ. अवघडलेला खांदा आणि दुखणारा खांदा मला कळतो. मी म्हटलं, "हे तुझ्या सोड्याचं न्हाई ना?" तू हसलास. मग दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "आक्का, तोंडानं बोललं की कागदावर येतंय. कागदावर आलं की पाण्यात सोडत न्हाईत. दोनदा आलं की घरी पाठवतेत. मग बसतो आडतीवर, हेच ना?"

"बस की. मरत तर न्हाईस."

"अन् तुला कुणी सांगितलं की तिथं बसून मी मरणार न्हाई?"

दोन दिवस भांडलो आपण. मी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात चल म्हणाले, तू नाही म्हणालास. तुझी गाडी निघायच्या सकाळी तू माझ्यापुढे बाही वर करून बसलास, "दुखणं थांबायची एक सुई दे, तेवढं पोचतो." आणि मी दिली. डॉक्टरांना न विचारता, दवाखान्याच्या कपाटातली. वर म्हटलं, "ह्याच्यापुढं मला काही सांगत जाऊ नको. माझ्यानं ऐकवत न्हाई." आयुष्यात माझं एकही ऐकलं नाहीस, आणि हे नेमकं ऐकलंस.

सुर्वे गेल्यावर मी नांदेडला जाऊन मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी हातच टेकले. "सिस्टर, समुद्र कुठं अन् नांदेड कुठं! असला पेशंट मी जन्मात पाहिला नाही." तरी भला माणूस, जाड पुस्तक काढून अर्धं पान शोधलं आणि मला वाचून दाखवलं. खांद्याने तू गेला नाहीस म्हणाले. उशिराने गेलास. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला पुन्हा तुझाच राग आला. त्या उशिरात तुझा वाटा होता ना!

मग कंपनीचा माणूस आला, पांढऱ्या मोटारीतून. बोलायला गोड. टाईप केलेला कागद आणला होता. सगळे नियम पाळले गेले होते, पाणबुड्याने आपलं जुनं दुखणं लपवलं होतं, घरच्यांची काही तक्रार नाही. खाली आप्पांची आणि महानंदाची सही. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी आले होते तेव्हा काही दुखत होतं का त्यांचं?"

आप्पा म्हणाले, "आम्हाला तर काही बोलला न्हाई." महानंदा म्हणाली, "न्हाई." दोघंही खरं बोलत होते. मग तो माझ्याकडे वळला.

नाही म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं, मन्मथ. तुझं नाव स्वच्छ राहिलं असतं, माझी नोकरी सुरक्षित राहिली असती, आणि कंपनीला एक पुरावा कमी मिळाला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे तू येत होतास, हात न लावलेल्या पायाला 'कळायलंय' म्हणणारा. मला वाटलं, आता मीही तेच करायलेय. मी म्हटलं, "कागदावर सही कुणी करणार नाही. मी माझा कागद लिहून देते."

तिथेच बसून चार पानं लिहिली. खांदा दुखत होता. त्याने तो लपवला. मी, सरकारी नर्स, डॉक्टरांना न विचारता त्याला सुई दिली आणि लपवायला मदत केली. बोलणाऱ्याला तुम्ही घरी पाठवता म्हणून पाणबुडे बोलत नाहीत, हे त्याने मला सांगितलं होतं. दाराची पट्टी बदलायची राहिली होती. शेजारच्या बोटीवर चेंबर होता आणि तो कुणी मागितला नाही. माझ्या भावाने 'ठीक आहे' म्हटलं हे खरं, पण पाणबुड्याच्या शब्दावर विसंबायचं नसतं म्हणूनच वर सुपरवायझर ठेवता ना? सुर्वेचं नाव मी घातलं नाही. त्याची बायकामुलं आहेत.

कंपनीच्या माणसाने ते वाचलं. "बाई, तुम्ही स्वतःच्या भावाच्या विरुद्ध लिहून देताय."

"मी झालं ते लिहिलंय. एक प्रत सरकारी चौकशीच्या साहेबांना रजिस्टरनं पाठवणार आहे."

तो गेला. आप्पा आडतीवर जाऊन बसले. महानंदा मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल की त्यांची अब्रू का घालवली. ती म्हणाली, "आक्का, खांदा दुखायला होता हे तुम्हाला सांगितलं त्यांनी. मला न्हाई सांगितलं. आठ दिवस माझ्याजवळ होते. मी अंगाला तेल लावलं त्यांच्या."

मी म्हटलं, "तू जाऊ दिलं नसतंस म्हणून."

"न्हाईच जाऊ दिलं असतं. तुम्ही दिलं."

तेव्हापासून ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे. तुझ्या मरणात मी ज्यांच्या ज्यांच्यावर चिडले त्या सगळ्यांत एकटी तीच आहे जिच्यावर चिडायला मला जागा नाही.

माझ्याकडे दवाखान्याने खुलासा मागितला आहे. देईन. नोकरी जाणार नाही असं म्हणतात, वेतनवाढ वगैरे थांबेल, बदली होईल हिमायतनगरला. होऊ दे. कारकुनाला मी पुन्हा जाऊन भेटले. नांदेडच्या डॉक्टरांचं त्या अर्ध्या पानावरून लिहिलेलं पत्र दाखवलं. त्याने तीनदा वाचलं, जड हाताने 'बुडून' खोडलं आणि विचारून विचारून नवीन ओळ लिहिली. वर म्हणाला, "नवा जिल्हा हाय बाई. असली पहिलीच नोंद." नव्या जिल्ह्याचं तुला कोण कौतुक! घे.

परवा सुर्वेचं पत्र आलं. मी मुरुडलाच होते. महानंदासमोर मोठ्याने वाचलं, कारण आता तिच्यापासून काही ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. त्याने चौकशीत जाऊन स्वतःच्या नावानिशी सांगितलं, मी नाव घातलं नव्हतं तरी. कोपराचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, पायाचंही सांगितलं. त्याला त्या बोटीवरून काढलं, पण दुसऱ्या कंपनीने घेतलं. तिथे गेल्या आठवड्यात एक पाणबुड्या वर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझा गुडघा दुखतोय. कुणी हसलं नाही, सुर्वे लिहितो, तुझी हकिकत सगळ्यांना माहीत होती. त्याला लगेच चेंबरमध्ये घातलं. संध्याकाळी तो चालत बाहेर आला आणि दोन ताटं भात जेवला.

महानंदाने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा स्वतःशी वाचलं. मग पदराने डोळे पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढंच बोलायचं होतं की हो."

हाव, मन्मथ. एवढंच बोलायचं होतं.